सोसायटीचं दप्तर क्लाऊडवर जाताना कामकाज कमीत कमी बंद कसं ठेवतात? आधीची तयारी काय, आणि सभासदानं काय तपासून घ्यावं

लोणी भापकर (ता. बारामती) : "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." हे वाक्य आता आपल्याकडच्या लहान पोरालाही पाठ झालंय. उतारा काढायला जा, पीक विम्याचा अर्ज भरायला जा, नाहीतर बँकेत जा, एकदा तरी ते कानावर पडतंच. बऱ्याच वेळा सर्व्हर खरोखर बंद पडलेला असतो. पण काही वेळा तो मुद्दाम बंद केलेला असतो. आतली सगळी माहिती जुन्या मशीनवरून नव्या ठिकाणी, म्हणजे क्लाऊडवर, हलवायची असते. हे हलवणं नीट तयारीनं झालं तर काम अर्धा-एक तास थांबतं. तयारी नसेल तर चार दिवस थांबतं, आणि पाचव्या दिवशी कळतं की आपण भरलेला हप्ताच दिसत नाही.

गावोगावच्या विकास सोसायट्यांचं दप्तर सध्या याच वाटेवर आहे. केंद्र सरकारनं २९ जून २०२२ रोजी प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विविध कार्यकारी सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. सुरुवातीला ६३ हजार सोसायट्या आणि २ हजार ५१६ कोटी रुपये असा तो प्रकल्प होता. नाबार्ड त्यात मुख्य भूमिकेत आहे. देशभर एकच सॉफ्टवेअर, तेही क्लाऊडवर, आणि स्थानिक भाषेत चालणारं, अशी त्याची मांडणी आहे. आतापर्यंत कुठं कीर्द-खतावणी हातानं लिहिली जायची, कुठं स्थानिक माणसाकडून करून घेतलेलं सॉफ्टवेअर होतं. ते सगळं एका साच्यात बसवायचं आहे.

डेटाबेस म्हणजे काय, ते आधी सातबाऱ्यावरून बघू

सातबारा आणि आठ-अ आपल्या रोजच्या ओळखीचे. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, त्यात खाते क्रमांक असतो. तोच खाते क्रमांक आठ-अ वर असतो, तिथं तुमच्या नावावरचे सगळे गट एकत्र दिसतात. बदल झाला की फेरफार क्रमांक पडतो, आणि तो सातबाऱ्यावर लिहिला जातो. म्हणजे तीन वेगळ्या नोंदी, पण क्रमांकानं एकमेकींना बांधलेल्या. असल्या बांधलेल्या तक्त्यांच्या साठ्याला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. यापेक्षा अवघड त्यात काही नाही.

सोसायटीतही तसंच. एक तक्ता सभासदांचा, एक शेअर्सचा, एक कर्जाचा, एक वसुलीच्या पावत्यांचा. सगळ्यांना बांधणारा धागा म्हणजे सभासद क्रमांक. तो धागा तुटला तर पावती राहते, पण ती कुणाची हे कळत नाही. संगणकाच्या भाषेत अशा नोंदीला अनाथ नोंद म्हणतात, आणि नाव बरोबरच ठेवलंय.

क्लाऊड म्हणजे आभाळात काही नसतं. जमिनीवरच्याच मोठ्या इमारतीत हजारो मशीन असतात, दोन-दोन बाजूंनी वीज असते, जनरेटर असतात, थंड ठेवायची सोय असते. मायक्रोसॉफ्टचं असं केंद्र २०१५ पासून आपल्या पुण्यातच आहे, अॅमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईत सुरू केलं. सरकारी कामासाठी मेघराज नावाची सरकारी व्यवस्था आहे. फायदा साधा आहे. सोसायटीच्या कपाटाशेजारचा संगणक जळाला, उंदरानं वायर कुरतडली, पावसाचं पाणी आत आलं, तरी दप्तर शाबूत राहतं.

पाईपलाईन बदलताना आपण काय करतो?

विहिरीवरून शेतात जाणारी जुनी पाईपलाईन गळायला लागली, तर शहाणा माणूस आधी जुनी उखडत नाही. ऊस उभा असतो, पाणी थांबवून चालत नाही. तो शेजारून चारी घेतो, नवी पाईप अंथरतो, पाणी सोडून सांधे गळतात का बघतो. सगळं झालं की एक दिवस मोटर तासभर बंद करून फक्त जोड बदलतो.

कमी वेळ बंद ठेवून डेटाबेस हलवायचा म्हणजे नेमकं हेच. जुनी यंत्रणा चालू ठेवून तिची पूर्ण प्रत क्लाऊडवर काढायची. ही प्रत काढायला तास लागतात, कधी दिवस लागतात. समजा माहिती ४० जीबी आहे आणि आपल्याकडून वर पाठवायचा नेटचा वेग सेकंदाला १० मेगाबिट आहे. हिशोब केला तर सरळ नऊ तास, तेही लाईट आणि नेट एकदाही न जाता. आपल्याकडं असं किती वेळा होतं ते तुम्हीच सांगा. त्यामुळं मध्ये तुटलं तर तिथूनच पुढं सुरू होईल अशा पद्धतीनं पाठवावं लागतं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. स्कॅन केलेले कागद आणि फोटो सगळ्यात जास्त जागा खातात आणि एकदा चढवले की सहसा बदलत नाहीत. ते आठवडाभर आधीच पाठवून ठेवले की ओझं कमी होतं.

मग प्रश्न येतो, त्या नऊ तासांत इकडं नव्या पावत्या फाटल्या त्यांचं काय? त्यासाठी डेटाबेसची स्वतःची एक नोंदवही असते. कुठल्या वेळी कुठली ओळ आली, बदलली, खोडली हे ती क्रमानं लिहून ठेवते. पूर्ण प्रत पोचली की या नोंदवहीतले बदल त्याच क्रमानं क्लाऊडवरच्या प्रतीत उतरवत राहायचे. पहिल्या दिवशी नवी प्रत काही तास मागं असते, मग काही मिनिटं, मग काही सेकंद. ती सेकंदांवर आली की जोड बदलायची वेळ आली.

यात एक मेख आहे. बदल उतरवताना नेमकी कुठली ओळ बदलायची हे कळायला प्रत्येक ओळीला स्वतःचा वेगळा क्रमांक लागतो. जुन्या, घाईत बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये काही तक्त्यांना तसा क्रमांकच नसतो. एकाच दिवशी, एकाच नावावर, एकाच रकमेच्या दोन पावत्या असतील तर त्यातली कुठली रद्द झाली हे मशीन कसं ओळखणार? म्हणून प्रत काढायच्या आधी असे तक्ते शोधून त्यांना क्रमांक द्यावे लागतात. आणि ती नोंदवहीसुद्धा आधी चालू करून ठेवावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती बंदच असते, किंवा दोन दिवसांपूर्वीची पानं जागा वाचवायला पुसून टाकायची सोय केलेली असते. प्रत काढायला तीन दिवस लागले तर मधली पानं गायब.

खरी मेहनत साफसफाईची

आता जे सांगतो त्याला तांत्रिक माणसं दोन ओळी देतात, पण सभासदाचं नुकसान इथंच होतं.

पहिलं, नावं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी मराठी टायपिंग वेगवेगळ्या फॉन्टवर चालायचं. त्या फॉन्टमध्ये मशीनच्या आत खरं तर इंग्रजी चिन्हं साठवलेली असतात, फक्त दिसताना ती मराठी दिसतात. तो फॉन्ट नसलेल्या नव्या ठिकाणी ही माहिती गेली की नावाच्या जागी नुसता चिन्हांचा चिवडा दिसतो. त्यामुळं आधी सगळी नावं युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. हे बदलताना जोडाक्षरं, रफार, 'ऱ्या'सारखी अक्षरं हमखास बिघडतात. यंत्रानं बदललेली यादी माणसानं डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही. आणि आपल्या गावात एकाच आडनावाची, एकाच पहिल्या नावाची चार-चार माणसं असतात हे पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरला कुठून माहीत असणार? वडिलांच्या नावातलं एक अक्षर बिघडलं की दोन सभासद एक होतात, नाहीतर एकाचे दोन होतात.

दुसरं, तारखा. आपण दिवस आधी लिहितो, महिना नंतर. काही सॉफ्टवेअर अमेरिकी पद्धतीनं महिना आधी वाचतात. समजा तुम्ही ०५/०३ ला, म्हणजे ५ मार्चला, कर्ज भरलं. नव्या मशीननं ते ३ मे असं वाचलं. रक्कम बरोबर, नाव बरोबर, पावती नंबर बरोबर. पण मार्चअखेरच्या मुदतीच्या हिशोबात तुम्ही थकबाकीदार झालात. व्याज सवलत गेली, नवं पीककर्ज अडलं. २५/०३ सारखी तारीख असेल तर पंचविसावा महिना नसल्यानं मशीन लगेच तक्रार करतं. १२ तारखेच्या आतली असेल तर ते गुपचूप उलटं वाचतं. चोर तिथं लपतो.

तिसरं, अनाथ आणि दुबार नोंदी. मयत सभासदाचं खातं वारसाच्या नावावर झालं, पण जुनी पावती जुन्याच क्रमांकावर राहिली. किंवा सभासद कमी केला आणि त्याच्या शेअर्सची नोंद तशीच राहिली. जुनं सॉफ्टवेअर हे चालवून घेतं. नवं सॉफ्टवेअर कडक असेल तर अशी ओळ घेतच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे न घेतल्याचं सांगायची सोय कुणी केली नसेल तर ती ओळ गुपचूप बाहेर राहते.

सातबाऱ्याच्या वेळी हा धडा राज्यानं घेतलेला आहे. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा जुळत नव्हता, म्हणून २०१७ च्या मे-जूनमध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला उतारा गावासमोर वाचायचा, चूक असेल त्यानं तिथंच सांगायची. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला. आधी सफाई, मग सोय, हा क्रम तिथं बरोबर होता. ज्यांनी त्या वाचनाला दांडी मारली त्यांच्यातले काही जण आजही जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखन प्रमादाच्या दुरुस्तीचे अर्ज घेऊन तहसीलदारांकडं फिरतायत. सोसायटीचं दप्तर हलवतानाही एक चावडी वाचन व्हावं असं माझं स्पष्ट मत आहे. सभासद क्रमांक, नाव, शेअर्स, येणे बाकी एवढं जरी प्रत्येकाला छापून दाखवलं आणि सही घेतली, तरी निम्मी भांडणं मिटतील. २०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्याच्या अर्जातली माहिती आणि बँकेची माहिती जुळवताना किती काळ गेला, ते आपण भोगलंय.

पहाटेचं दूध आदल्या रात्रीत

हा किस्सा आमच्याच भागातल्या एका दूध संकलन केंद्राचा, नाव सांगत नाही. त्यांनी संकलनाची माहिती क्लाऊडवर नेली. दुसऱ्या दिवशी आमच्या घरचं पहाटे पाच वाजता घातलेलं दूध आदल्या तारखेला रात्री साडेअकराला घातलेलं दिसायला लागलं. सकाळचा रतीब शून्य, आणि आदल्या दिवशी दूध जास्त. फॅट, डिग्री, लिटर सगळं बरोबर होतं, फक्त वेळ चुकीची.

कारण कळायला दोन दिवस गेले. क्लाऊडवरच्या मशीनचं घड्याळ बहुतेक वेळा जागतिक वेळेवर चालतं, आणि आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढं असतं. आपले पहाटेचे पाच म्हणजे तिकडची आदली रात्र, साडेअकरा. दहा दिवसांचं बिल काढताना पहिल्या दिवशीचं पहाटेचं दूध मागच्या दशकात गेलं. एका गोष्टीमुळं पैसे बुडाले नाहीत, केंद्रावरची छापील चिठ्ठी आम्ही खिळ्याला टोचून ठेवत होतो. कुठल्या तक्त्यात वेळ कशी साठवली आहे हे आधी बघून, नवं मशीन भारतीय वेळेवर लावलं असतं तर हे झालंच नसतं.

जोड बदलायचा दिवस कसा असावा

तारीख निवडण्यापासून सुरुवात होते. सोसायटीनं मार्च महिन्यात हे करायला जाऊ नये, वसुली चालू असते. जूनमध्येही नको, खरिपाचं कर्जवाटप असतं. साखर कारखान्याचा वजनकाटा गाळपाच्या हंगामात रात्रंदिवस चालतो. तो दोन तास थांबला तर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर येते आणि ऊस वाळतो, वजन शेतकऱ्याचं घटतं. त्याला हंगाम संपल्यावरचा काळच बरा. दूध केंद्राला सकाळ आणि संध्याकाळच्या मधली दुपार मिळते.

त्या दिवसाच्या आधी रंगीत तालीम व्हायलाच पाहिजे. खऱ्या माहितीच्या प्रतीवर सगळी कामं करून बघायची: नवी पावती फाडायची, कर्जाचं व्याज काढायचं, उतारा छापायचा. घड्याळ लावून किती वेळ लागतो ते लिहायचं. तालमीला तीन तास लागले आणि गावाला एक तास सांगितला असेल, तर दोन तास शिव्या खायची तयारी ठेवायची.

प्रत्यक्ष दिवशी पहिलं काम म्हणजे जुन्या यंत्रणेत नवीन लिहिणं बंद करणं. बघता येईल, लिहिता येणार नाही, अशी ती ठेवायची. नोंदवहीतले शेवटचे बदल पलीकडं उतरेपर्यंत थांबायचं. मग मोजणी. जुन्यात सभासद किती, नव्यात किती. शेअर्सची बेरीज किती, येणे कर्जाची बेरीज किती. तेरीज दोन्हीकडं पैशापर्यंत जुळली पाहिजे. पन्नास पैशांचा फरक आहे, चालतंय, असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवायचं. तो पन्नास पैसा एखाद्या गहाळ पावतीतून आलेला असू शकतो, जिची उलटी रक्कम दुसरीकडं कुठंतरी बसलीय.

पुढचा पावती क्रमांकही बघावा लागतो. जुन्यात ४ हजार ३१२ पर्यंत पावत्या झाल्या असतील तर नव्याची सुरुवात ४ हजार ३१३ पासून व्हायला हवी. हे विसरलं की नवं मशीन एकपासून सुरू करायला बघतं आणि पहिल्याच सभासदासमोर अडकतं. हे सगळं झालं की सोसायटीतल्या संगणकाला नवा पत्ता द्यायचा आणि काम सुरू. बंद वेळ मोजायची ती लिहिणं थांबवल्यापासून इथपर्यंत.

जुनी यंत्रणा लगेच पुसायची नाही. निदान एक महिना, शक्य असेल तर एक वसुली हंगाम, ती तशीच जपून ठेवायची. नव्यात मोठी चूक निघाली तर परत फिरायची वाट आधी ठरलेली असावी: कोण ठरवणार, किती वाजेपर्यंत ठरवणार, आणि मधल्या वेळात नव्यात फाटलेल्या पावत्या जुन्यात कशा आणणार. बॅकअप घेतलाय एवढं पुरत नाही. तो उघडून बघितलाय का, हे विचारावं.

मोठ्या प्रमाणात हे कसं होतं त्याचं ताजं उदाहरण पोस्टाचं आहे. टपाल खात्यानं २०२५ मध्ये स्वतःच्या म्हैसूरच्या केंद्रानं बनवलेली नवी प्रणाली देशभरातल्या १ लाख ६५ हजारांवर कार्यालयांत आणली, तीही सरकारी क्लाऊडवर. आधी मे-जूनमध्ये एकट्या कर्नाटकात चालवून बघितली, चुका काढल्या, मग टप्प्याटप्प्यानं बाकीचे विभाग घेतले आणि ऑगस्टमध्ये काम पूर्ण केलं. बदलाच्या वेळी ठिकठिकाणी एक दिवस व्यवहार बंद राहतील, असं ग्राहकांना आधी जाहीर केलं होतं. आधी सांगून घेतलेली एक दिवसाची सुट्टी लोक समजून घेतात. न सांगता झालेला अर्धा दिवस समजून घेत नाहीत.

एक गोष्ट मात्र खरी बोलली पाहिजे. पाचशे-सातशे सभासदांच्या सोसायटीला वर सांगितलेला सगळा थाट लागत नाही. शनिवारी संध्याकाळी काम थांबवलं, रात्रीत प्रत काढली, रविवारी तेरीज जुळवली, सोमवारी उघडलं, संपलं. नोंदवहीवरून बदल उतरवत राहायची पद्धत जिल्हा बँक, दूध संघ, कारखाना अशा न थांबणाऱ्यांसाठी आहे. कुणी लहान संस्थेला त्यासाठी मोठं बिल दाखवत असेल तर संचालकांनी दोनदा विचारावं. पण साफसफाई, तारखा, तेरीज यातून लहान-मोठ्या कुणालाच सुटका नाही.

सभासदानं आत्ताच काय करावं

आपल्या सोसायटीचं काम अजून झालं नसेल तर गटसचिवांकडं जाऊन आपला सभासद क्रमांक, आधारप्रमाणं नाव, शेअर्सची रक्कम आणि आजची येणे बाकी लिहून घ्या, तारीख टाकून सही-शिक्क्यासह मिळाली तर उत्तम. गेल्या तीन वर्षांच्या वसुलीच्या पावत्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात उडते. घरात मयत सभासद असतील तर वारस नोंद बदलाच्या आधी लावून घ्या, नंतर ते जास्त अवघड जातं. काम झालं असेल तर नव्या प्रणालीतला उतारा मागून घ्या आणि रकमेबरोबर तारखासुद्धा बघा. खास करून महिन्याच्या १ ते १२ तारखेत भरलेले हप्ते.

या काळात फोन येतात. "तुमचं खातं नव्या सिस्टीमवर जातंय, ओटीपी सांगा, नाहीतर बंद होईल." दप्तर हलवायला सभासदाचा ओटीपी कधीच लागत नाही. असा फोन आला तर ठेवून द्या, पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा आणि सचिवांनाही कळवा, म्हणजे ते बाकीच्यांना सावध करतील. आणि दूध घालणाऱ्यांनी छापील चिठ्ठ्या टाकून देऊ नका, निदान बिल हातात पडेपर्यंत.